नऊ नंबरच्या घरातली बचत

घर क्रमांक नऊमध्ये सात नळ होते. दोन स्वयंपाकघरात, दोन न्हाणीघरात, एक बेसिनला, एक कपडे धुण्याच्या मशीनमागे आणि एक मागच्या दारी. एक शॉवर होता, एक फ्लश. गीझरपासून न्हाणीघरापर्यंतचा पाइप दोन मीटर दहा सेंटिमीटर भरला, नकाशात होता तेवढाच. जमिनीखाली दोनशे लिटरची टाकी होती; आंघोळीचं आणि धुण्याचं पाणी तिच्यात गाळलं जाऊन पंपाने परत फ्लशला चढायचं. आणि रस्त्याकडून आत येणाऱ्या मुख्य पाइपवर, मीटरच्या शेजारी, काड्यापेटीएवढी एक काळी डबी बसवलेली होती.

शिवलीला बिराजदारने प्रत्येक वस्तू हाताने चाचपून टॅबलेटवर खूण केली. घर तिच्याच नवऱ्याने आखलेलं होतं आणि पुढच्या आठवड्यात ती त्यात राहायला यायची होती. पण म्हणून मोजणी ढिली करायची, हे तिच्या स्वभावात नव्हतं.

मागच्या मोरीत यादीबाहेरचं सामान आधीच येऊन पडलं होतं. तीन बादल्या, एक पसरट टब, पाच भगुनी, एक स्टीलची घागर, दोन तांबे. सासूबाईंनी, म्हणजे जगदेवींनी, घर बघायला येतानाच ते सगळं टेम्पोत घालून आणलं होतं.

"ह्यांना नंबर नाही का टाकायचा?" जगदेवी दारातून म्हणाल्या.

"भगुन्यांना रकाना नाही, आत्या."

"नसू दे. पाच हायत म्हणून ध्यानात ठेव. मागच्या खेपेला घर हलवताना एक गेलं, ते अजून सापडंना."

शिवलीला हसली आणि टॅबलेट बंद करून उठली.

लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्याला आता पंचवीस वर्षं झाली होती. धरण तेच, शहर तिप्पट. पाणी-वाटप मंडळाने बार्शी रस्त्याच्या पुढे माळावर चोवीस घरांची नमुना वसाहत उभारली, ती या हिशेबाने. आराखडा शिवलीलाच्या नवऱ्याचा, बसवराजचा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की माणसांना पाणी जपून वापरा म्हणून सांगण्यात काही अर्थ नाही. माणसं बदलत नाहीत, घर बदलावं. साध्या फ्लॅटमध्ये गीझर एका टोकाला आणि न्हाणीघर दुसऱ्या टोकाला असतं. नळ सोडला की नऊ-दहा मीटर पाइपात साचलेलं गार पाणी आधी वाहून जातं, मग गरम येतं. दर आंघोळीला दोन लिटर पाणी नुसतं वाट बघण्यात जातं. पाइप आखूड केला की ते वाचलं, आणि राहणाऱ्याला पत्ताही नाही. असे बारा बदल त्याने केले होते.

ते बदल कितपत लागू पडतात हे शोधणं शिवलीलाचं काम. ती भौतिकशास्त्राची पदवीधर, पुढे संख्याशास्त्र शिकलेली. काळ्या डबीच्या मागचं गणित तिच्या चमूचं होतं. नळ उघडला की पाइपातल्या पाण्याचा दाब एकदम पडतो आणि त्याची लाट सेकंदाला चारशे मीटर वेगाने पाइपभर धावते, वळणांवर आपटून परत येते. प्रत्येक नळाचं अंतर वेगळं, वळणं वेगळी, त्यामुळे प्रत्येकाची लाट वेगळ्या आकाराची. डबी तो दाब सेकंदाला हजार वेळा मोजायची. आठवडाभर ऐकलं की तिला कळायचं, हा बेसिनचा नळ, हा फ्लश, हे मशीन. महिनाभर ऐकलं की हातही कळायचे. बसवराज नळ फटकन उघडायचा. जगदेवींच्या बोटांचे सांधे धरलेले. त्यांचा नळ दोन झटक्यांत उघडायचा, मध्ये एक थांबा घेऊन.

राहायला आल्यावर संमतिपत्रावर अंगठा ठेवताना जगदेवींनी विचारलंच होतं, "कोण संडासला गेलं तेबी कळतंय व्हय ह्या डबीला?"

"कळतं, आत्या. पण आम्ही माणूसवार बघायचं नाही, असं त्यात लिहिलंय. फक्त घराची बेरीज."

"बघितलं तरी मी काय करणार हाय? म्हाताऱ्या माणसाचं काय बघण्यासारखं असतंय?"

पहिल्या महिन्याची बेरीज आली एकसष्ट लिटर, दर माणशी दररोज. शहरातल्या तेवढ्याच आकाराच्या साध्या फ्लॅटमध्ये एकशे चार लागायचे. पण बसवराजने मंडळाला पंचावन्नचा शब्द दिला होता. त्या दिवशी तो पानावरून अर्ध्यात उठला. जगदेवी ताटाकडे बघत बसल्या आणि मग उरलेली भाकरी त्यांनी झाकून ठेवली. दुसऱ्या महिन्यात आकडा अठ्ठावन्नवर आला, चौथ्यात त्रेपन्नवर. दहाव्या महिन्यात तो बावन्नवर येऊन स्थिरावला, आणि चोवीस घरांची सरासरीही नेमकी तीच. साध्या फ्लॅटच्या बरोबर निम्मं. मंडळात पेढे वाटले गेले.

आता त्या आकड्यावर पुढचं सगळं उभं राहणार होतं. माळावर अकरा हजार घरं व्हायची होती, शेजारच्या औद्योगिक वसाहतीत कामाला येणाऱ्या तरुण जोडप्यांसाठी. प्रत्येक घराला दर माणशी पंचावन्न लिटरचा वाटा. तेवढं पाणी गेलं की दारातला व्हॉल्व्ह आपोआप बंद होणार तो दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत. उरलेलं पाणी पंधरा वर्षांच्या कराराने कारखान्यांना. अहवालावर दोन सह्या लागणार होत्या, आराखड्यासाठी बसवराजची आणि आकड्यासाठी शिवलीलाची.

अकराव्या महिन्यात जगदेवी मोरीत चक्कर येऊन पडल्या. ताप होता, कंबरेतून कळा निघत होत्या. दवाखान्यात सोनोग्राफी झाली. दोन्ही मूत्रपिंडांत खडे, उजवीकडे जंतुसंसर्ग.

"आजी, दिवसात पाणी किती पिता?" डॉक्टरांनी विचारलं.

जगदेवींनी आधी मुलाकडे बघितलं. "तहान लागली की पितेच की."

"लागते का तहान?"

"लागते अधूनमधून."

उदगीरहून नणंद सुवर्णा आली आणि आईच्या उशाशी बसली. शिवलीला आणि बसवराज दिवसा ऑफिस करून संध्याकाळी डबा पोचवायचे आणि घरी यायचे.

दुसऱ्या सकाळी शिवलीलाने फ्लशचं बटण दाबलं आणि ती दचकली. पाणी भसाभसा आलं, मग खालच्या पंपाची घरघर सुरू झाली. आवाज काही मोठा नव्हता, पण ओळखीचा नव्हता. अकरा महिने या घरात राहून तिने तो जवळजवळ ऐकलाच नव्हता. फ्लशच्या शेजारी नेहमी एक भरलेली बादली असायची आणि त्या बादलीत तांब्या. ती बादली आज कोरडी होती.

आठवड्याच्या शेवटी घराचा आकडा नव्वदवर गेला.

तिला आधी गळतीची शंका आली. तिने दोन्ही न्हाणीघरं, मागची मोरी, बाहेरचा पाइप, सगळं तपासलं. गळती असती तर डबीने ती पहिल्याच दिवशी ऐकली असती. मग तिने जमिनीखालच्या टाकीची वर्षभराची नोंद उघडली, जी आजवर कुणी उघडली नव्हती, कारण घराची बेरीज उत्तम येत होती. टाकी वर्षभर जवळजवळ रिकामी होती. आंघोळीचं पाणी तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं. आणि आता, गेले सात दिवस, ती पहिल्यांदा भरत होती, तर तिची गाळणी स्वतःला धुण्यातच निम्म्याच्या वर पाणी उडवत होती. बारा बदलांतला सर्वांत मोठा बदल चालत नव्हता, आणि हे वर्षभर कळलं नव्हतं, कारण त्याच्यावर चालायची वेळच आली नव्हती.

ती मोरीत जाऊन उभी राहिली. पसरट टब भिंतीला टेकवून ठेवलेला होता. शॉवरखाली तो कायम मांडलेला असायचा. बसवराजही त्यातच उभा राहून आंघोळ करायचा आणि निघताना टब सरकवून ठेवायचा. मग जगदेवी भगुन्याने ते पाणी बादलीत भरायच्या, आणि ती बादली फ्लशपाशी. भाजी धुतलेलं पाणी फरशीला. तांदूळ धुतलेलं कढीपत्त्याला. मशीन त्या लावूच द्यायच्या नाहीत. एका बादलीत तिघांचे कपडे पिळून व्हायचे आणि त्याच पाण्याने अंगण. हे सगळं रोज तिच्या डोळ्यांसमोर झालं होतं. तिच्या माहेरी सोलापुरातही असंच होतं. त्यात टिपून ठेवण्यासारखं काही आहे, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

मग तिने जे करायचं नाही म्हणून स्वतःच लिहून दिलं होतं, ते केलं. नोंदी माणूसवार उघडल्या.

दोन झटक्यांत उघडणारा हात घरातल्या निम्म्याहून जास्त नळांवर होता. पण पिण्याच्या पाण्याच्या नळावर तो दुपारनंतर येतच नव्हता. तिने बाकीची घरं काढली. चोवीसपैकी एकोणीस घरांत तसाच एखादा अडखळणारा म्हातारा हात होता. जुन्या शहरातली, तीस वर्षांपासूनची कुटुंबं घ्यायची, असा आग्रह बसवराजनेच धरला होता. खरे लातूरकर हवेत, म्हणाला होता. उरलेल्या पाच घरांत आकडे ऐंशीच्या पुढे होते आणि ती घरं सरासरीत बुडून गेली होती.

दवाखान्यात सुवर्णा चहाला खाली गेली होती. शिवलीला खाटेवर टेकली.

"आत्या, दुपारनंतर पाणी पीत नव्हता तुम्ही."

जगदेवींनी तिच्याकडे बघितलं. "बघितलंस व्हय डबीत."

"बघितलं."

"पिलं की जावं लागतंय. गेलं की तांब्याभर टाकावं लागतंय. कशाला ते?" त्या सलाइनच्या नळीकडे बघत म्हणाल्या. "पहिल्या महिन्यात बसू पानावरून उठला, आठवतंय का? म्हणलं, आपल्याला शिक्षण नाही, नकाशातलं कळंना. एवढं तर होतंय आपल्यानं."

"हे कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पाहिजे? नळाला दहा दिवसांनी पाणी यायचं तेव्हा कुणी सांगत होतं?" मग त्या म्हणाल्या, "बसूला नको बोलू. त्याला वाटतंय घर त्याचं चांगलं हाय."

शिवलीलाने त्याच संध्याकाळी बसवराजला सांगितलं. आकडे टेबलावर मांडले. एकशे चारातून वाचलेल्या बावन्न लिटरांत आराखड्याचा वाटा चौदा, माणसांच्या हातांचा अडतीस.

बसवराजने कागद स्वतःकडे ओढून तो अडतीसचा आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाला, "आईने चाचणी बिघडवली."

"आईने बिघडवली? तू स्वतः त्या टबात उभा राहून आंघोळ करत होतास, बसव. तुझ्याच घरात."

"माझ्या लक्षातच आलं नाही गं."

"माझ्याही नाही."

"गाळणी दुरुस्त करता येईल," तो म्हणाला. "दोन वर्षं दे मला."

"करार सोमवारी आहे."

सोमवारी मंडळाच्या बैठकीत देवणीकर होते. जलवाटप विभागाचे प्रमुख, हळू आणि सभ्य बोलणारे गृहस्थ. त्यांनी शिवलीलाचं म्हणणं मध्ये न तोडता ऐकलं, तिच्यासाठी चहाही सांगितला.

"ताई, पाणी वाचलं की नाही?"

"वाचलं. पण घराने नाही वाचवलं."

"कुणी वाचवलं याने धरणाला काय फरक पडतो? शिस्त लावता येते. तुमच्या सासूबाईंचा एक व्हिडिओ काढू, नव्या रहिवाशांना दाखवू."

"त्या दवाखान्यात आहेत, सर. आणि येणारी जोडपी सकाळी आठला कामावर जाणार. आत्यांचे रोज तीन-साडेतीन तास यात जात होते. ते तास कोण देणार?"

देवणीकरांनी मान हलवली, जणू हा मुद्दा त्यांना पटला. मग त्यांनी अहवालाचं परिशिष्ट उघडलं. "हे नव्वद लिटर कधीचे?"

"गेल्या आठ-दहा दिवसांतले. आत्या घरात नव्हत्या तेव्हाचे."

"मग हे दिवस धरता येत नाहीत. हा नियम बघा: घरातली माणसं नोंदीपेक्षा कमी वा जास्त असतील, ते दिवस नमुन्यातून वगळावेत. नियम कुणी लिहिलाय?"

नियम तिने लिहिला होता. पाहुण्यांनी आणि गावाला जाणाऱ्यांनी सरासरी बिघडू नये म्हणून.

"नियम बदलायला हवा," ती म्हणाली.

"निकाल हाती आल्यावर?" देवणीकरांनी खरंच कुतूहलाने विचारलं. "तुमच्या शास्त्रात चालतं ते?"

चालत नाही. चमूत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्या दिवशी हेच सांगायची. हातांची नोंद समोर ठेवावी, तर ती माणूसवार उघडली हेच संमतिपत्राविरुद्ध होतं. ऐंशीच्या वरची पाच घरं दाखवली, तर चोवीसच्या सरासरीत ती आधीच धरलेली होती. शेवटी तिने टाकीची नोंद पुढे केली. "ही टाकी वर्षभर रिकामी होती. एवढं तरी बघा."

देवणीकरांनी ती लक्षपूर्वक बघितली. "म्हणजे दोनशे लिटरची टाकी लागतच नाही. पन्नासची घातली तरी चालेल." त्यांनी समासात तशी टीप लिहिली. "हे तुम्ही चांगलं निदर्शनास आणलंत."

शिवलीलाने बसवराजकडे पाहिलं. तो नकाशाच्या गुंडाळीला रबर लावत होता.

"नियम बरोबर आहे," तो म्हणाला. आवाज इतका खाली होता की देवणीकरांना पुन्हा विचारावं लागलं.

त्याने सही केली. कागद तिच्यापुढे आला. तिने बेरजा एकदा शेवटच्या तपासल्या. नियमाप्रमाणे दिवस वगळले होते, चोवीस घरं धरली होती, भागाकार बरोबर होता. आकडेमोडीत कुठेही चूक नव्हती. तिने सही केली.

दवाखान्यातून सुटताना डॉक्टरांनी जगदेवींना रोज तीन लिटर पाणी सांगितलं. सुवर्णा म्हणाली, आई माझ्याकडे उदगीरला येईल. बसवराज म्हणाला, "कशाला? घर आहे की." जगदेवी म्हणाल्या, "तिच्याकडं बोअर हाय. कुणी मोजत नाही." पण हे त्या हसून म्हणाल्या, त्यामुळे त्यालाही हसावं लागलं.

जाण्याच्या दिवशी त्या मोरीत गेल्या. घागरीत तांबे घातले, भगुनी एकात एक बसवली.

"भगुनी नेते गं. तुमच्या यादीत नाहीत ती."

"न्या, आत्या."

"पाच हायत. बघ मोजून."

शिवलीलाने मोजली. पाच होती. सुवर्णाच्या गाडीच्या डिकीत ती ठेवताना बसवराजने खाली जुनं पोतं अंथरलं, वाजू नयेत म्हणून. मग तो दार लावून तसाच उभा राहिला. जगदेवींनी काच खाली करून त्याच्या गालाला हात लावला. "घर चांगलं बांधलंयस," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात गार राहतंय."

टब आणि बादल्या मागे राहिल्या होत्या. पहिले चार दिवस दोघांनी आठवणीने टब मांडला. पाणी बादलीत भरता भरता बसवराजची पाठ धरली, शिवलीलाची ऑफिसची बस चुकली. पाचव्या दिवशी टब भिंतीला टेकवला गेला तो तिथेच राहिला. ते दोघं एकमेकांशी त्या दिवसांत कामापुरतंच बोलत होते.

पुढच्या महिन्यात मंडळाची माणसं आली आणि व्हॉल्व्ह बसवून गेली. अकरा हजार घरांच्या आधी तो नमुना वसाहतीत लागणार होता. काळी डबी तिथेच होती. महिना पुरा झाल्यावर तिची नोंद नेहमीप्रमाणे शिवलीलाच्या टेबलावर आली.

घर क्रमांक नऊ. माणसं दोन. दिवसाचा वाटा एकशे दहा लिटर. व्हॉल्व्ह बंद होण्याची सरासरी वेळ, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं.